उंबराकडचा गोलपोस्ट

नांदे, ता. मुळशी
९ फेब्रुवारी २०२५

श्री. गेणबा आण्णा यांना नमस्कार.

मी कौस्तुभ. तुमच्या चाळीत चार नंबरच्या खोलीत भाड्यानं राहतो. मी आलो तेव्हा तुम्ही भोरला लेकीकडे गेला होतात, म्हणून आपली भेट नाही. तुमचे चिरंजीव शेखरदादा म्हणाले, "आण्णास्नी फोनवर काय बी ऐकू येत न्हाई. पत्र टाका. चोवीस वर्सं टपाल वाटलंय, पत्राला उत्तर दिल्याबिगर राहायचे न्हाईत." म्हणून कॉलेजनंतर पहिल्यांदाच हातानं पत्र लिहितोय. दिवसभर हिंजवडीत कीबोर्ड बडवतो, तेव्हा अक्षराला हसू नका.

काम असं आहे. माझी बहीण उत्कर्षा आणि तिची मुलगी किमया जूनमध्ये परभणीहून माझ्याकडे आल्या. किमया तेरा वर्षांची आहे. तिचे बाबा, निषादभावजी, मागच्या वर्षी अचानक गेले. तेव्हापासून पोरीनं बोलणं जवळजवळ सोडलं होतं. मग नव्या शाळेत एकदा मुलींच्या फुटबॉलमध्ये गोलकीपर व्हायला कोणी तयार नव्हतं, तर हिला उभी केली. त्या दिवशी ती घरी आली आणि जेवताना पाऊण तास बोलली. ताई वाढायचं विसरली.

महाळुंग्याच्या एका क्लबची चौदा वर्षांखालच्या मुलींची निवड २५ मे रोजी आहे. गोलकीपर एकच घेणार. मी तिला तयार करतोय. मी स्वतः कॉलेजच्या संघात राखीव गोलकीपर होतो, तीन वर्षांत दोन सामने खेळलो, त्यातला एक पावसानं बंद पडला. पण शिकवायला तेवढं पुरतं.

खोल्यांमागचा तुमचा अठरा गुंठ्यांचा प्लॉट मोकळा आहे. सकाळी सहा ते साडेसात तिथं सराव करू का? शेखरदादा म्हणतात, "जागा आण्णाच्या नावावर हाय, त्यांनाच इचारा."

आपला,
कौस्तुभ


भोर
१७ फेब्रुवारी २०२५

चि. कौस्तुभ यास गेणबाचे आशीर्वाद.

पिनकोड बरोबर टाकलास, तिथंच निम्मा पास झालास. हल्ली लोक पत्त्यात 'हॉटेलच्या मागे' असं लिहितात आणि टपालवाल्यानं ज्योतिष बघावं अशी अपेक्षा धरतात.

खेळा. जूनमध्ये बिल्डर दादासाहेबांच्या नावानं खरेदीखत होईल, मग तिथं ते सात मजले चढवतील. तोवर पोरीच्या पायांखाली जागा आली तर चांगलंच आहे. माझी बायको गेली तेव्हा मीपण घरात महिनाभर मुका होतो. फरक एवढाच, की माझ्या घरच्यांना ते बरं वाटलं.

एक अट आहे. ओढ्याच्या बाजूला उंबराचं तोडलेलं खोड दिसेल. त्याच्या वीस पावलं अलीकडे थांबायचं. तो कोपरा आसरांचा आहे. आमच्या घरच्या बायका तिथं ओटी भरायच्या. चेंडू तिकडं गेला तर काठीनं ओढून घ्यायचा, आत पाऊल टाकायचं नाही. तू शिकलेला माणूस, हसशील. हस, पण जाऊ नकोस.

गेणबा


नांदे
१६ मार्च २०२५

आण्णांना नमस्कार.

तुमचे आभार मानायला उशीर झाला. रोज सकाळी सराव चालू आहे. माणच्या वेल्डरकडून पाइपचा गोलपोस्ट करून घेतला, जाळी म्हणून आंब्याच्या पेट्यांवरची जुनी जाळी बांधली. गोलकीपरला आधी पडायला शिकवावं लागतं. आधी पोटरी, मग कंबर, मग खांदा, आणि हात सगळ्यात पुढे. जमिनीची भीती गेली की अर्धं काम झालं. किमयाची भीती पंधरा दिवसांत गेली. आता ती डोळे न मिटता स्वतःला झोकून देते. "माझा!" म्हणून इतकी मोठ्यानं ओरडते की तीन नंबरच्या खोलीतला माणूस गजर लावायचा बंद झालाय.

अडचण मुरमाची आहे. कोपर, गुडघे, कंबर सोलून निघालंय. ताई रोज हळद लावते आणि माझ्याकडे बघते. पूर्ण प्लॉटवर मऊ जागा एकच, तुमच्या उंबराची. मार्चातसुद्धा तिथं हिरवं गवत आहे. आम्ही अट पाळतोय. चेंडू गेला की काठीनं ओढतो. पण परवा चेंडूचा टप्पा तिथं पडला तेव्हा रिकाम्या माठावर थाप मारल्यासारखा आवाज आला. किमयाला गंमत वाटली, तिनं मुद्दाम आणखी दोनदा मारून बघितला.

नारळ फोडून, क्षमा मागून, तो कोपरा वापरला तर चालेल का?

कौस्तुभ

ता. क. आजोबा, मी किमया. मी काल अकरातले नऊ अडवले. मामा म्हणतो आठ, पण नववा खांबाला लागून गेला आणि खांब माझ्या बाजूनं आहे.


भोर
२४ मार्च २०२५

चि. कौस्तुभ,

नाही. नारळ फोडून नाही आणि न फोडताही नाही.

तो आवाज तुम्ही दोघांनीच ऐकला का आणखी कोणी? शेखर होता का तिथं? दादासाहेबांची माणसं मोजणीला येतात, त्यांच्यासमोर तिकडं चेंडू मारू नका.

मऊ जागा पाहिजे तर भाताचा पेंढा आण. मुळशीत पेंढ्याला तोटा नाही. गोणपाटात भरून गाद्या कर आणि गोलसमोर टाक. नाचता येईना अंगण वाकडं असं करू नये.

चि. किमयास: खांब तुझ्या बाजूनं असेल तर नऊच. मामाला हिशेब येत नाही.

गेणबा


नांदे
१३ एप्रिल २०२५

आण्णांना नमस्कार.

तुमच्यापासून लपवून काही करायचं नाही म्हणून लिहितोय. पेंढ्याच्या गाद्या केल्या. पहिल्या दिवशी त्या सरकल्या आणि किमयाचं मनगट मुरगळलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या म्हशींनी एक गादी खाल्ली.

निवडीला सहा आठवडे राहिलेत. मी शेखरदादांना विचारलं. ते म्हणाले, "म्हातारं लई भित्रं हाय. तितं कायसुदिक न्हाई. पयली विहीर व्हती, ती बुजवून सा वर्सं झाली. खेळा तुमी बिनघोर." विहीर बुजवलेली आहे म्हणून ओल आहे, एवढंच निघालं. तुम्ही सरळ सांगितलं असतं तर मी इतके दिवस पोरीची कातडी सोलू दिली नसती.

मागच्या रविवारी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि गोलपोस्ट उंबराजवळ नेऊन उभा केला. गवतावर किमया अशी पडते की बघत राहावं. पन्नास उजवीकडे, पन्नास डावीकडे, रोज शंभर. कुठं खरचटत नाही. अटीचा भंग केला त्याबद्दल मनापासून माफी मागतो, पण पोरीचं भलं झालं.

कौस्तुभ


भोर
१९ एप्रिल २०२५
(लिहिलं. पेटीत टाकलं नाही.)

चि. कौस्तुभ,

विहीर बुजवलेली नाही. झाकलेली आहे.

सहा वर्षांपूर्वी बोलणी सुरू झाली तेव्हाच दादासाहेब म्हणाले होते, जमीन सपाट पाहिजे, विहीर दिसता कामा नये. मी हो म्हणालो. पण आमच्याकडे भरल्या विहिरीत माती लोटत नाहीत. पाण्याचा गळा दाबला तर आसरा घरातलं माणूस ओढतात, असं माझी आई सांगायची, तिची आई सांगायची. शेखर आठ दिवस कामाला बाहेर होता. मी आणि आमचा जुना गडी कुशाबा, दोघांनी मिळून वर बाभळीचे वासे टाकले, त्यावर पत्रे आणि त्यावर दोन फूट मुरूम. पाण्याला धक्का लागला नाही आणि जमीनही सपाट झाली. मला वाटलं, मी दोन्हीकडून सुटलो. कुशाबा वारला. आता हे मला एकट्याला ठाऊक. शेखरलाही वाटतं बुजवलीच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझ्या मुठीत पंचेचाळीस फूट खोल भोक आहे.

वासे सहा वर्षं ओलीत आहेत. त्यावरून मी कधी बैलगाडीसुद्धा जाऊ दिली नाही. आणि तू त्यावर पोरीला रोज शंभर वेळा पाडतोस.

हे पत्र तुला गेलं तर तू शेखरला दाखवशील. शेखर दादासाहेबांना सांगेल किंवा ते त्याला विचारतील. खरेदीखत मोडेल, आणि पोरगा मला जन्मभर विचारेल की आण्णा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. दोन महिने वासे टिकतील, सहा वर्षं टिकलेत.

दुसरं काहीतरी सुचेल.


भोर
२१ एप्रिल २०२५

चि. कौस्तुभ,

ताबडतोब गोलपोस्ट हलव. उंबराच्या खोडात घोणस राहते. मी डोळ्यांनी पाहिली आहे, मनगटाएवढी जाड. मार्चात सांगितलं नाही कारण पोरगी घाबरली असती. घोणस चावली तर पौडच्या दवाखान्यापर्यंत पोचायलासुद्धा वेळ मिळत नाही.

आज उठून हलव. शेखरला मदतीला घे.

गेणबा


नांदे
४ मे २०२५

आण्णा,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी सराव बंद केला आणि महाळुंग्याहून सर्पमित्राला बोलावलं. ओम नाव त्याचं. त्यानं दोन तास खोड उकरलं, गवत विंचरलं. घोणस नाही, कात नाही, साधा बिनविषारी विरोळासुद्धा नाही. शेखरदादा पोट धरून हसले. "आण्णानं आजवर घोणस बगितलेली न्हाई, साप म्हणलं की ते खाटंवर चढतंय."

खोडापाशी एक भोक मात्र सापडलं. ओमची काठी त्यात पूर्ण गेली. आतून गार हवा येत होती. तो म्हणाला, उंदरांनी पोखरलंय. आम्ही चार घमेली मुरूम टाकून भोक बुजवलं. सकाळी बघतो तर मुरूम खाली गेलेला, म्हणून आणखी चार टाकली. आता ठीक आहे.

आधी देव, मग मोजणीवाले, मग साप. आण्णा, तुम्हाला आमचं खेळणं नको असेल तर तसं सांगायचं होतं. घाबरवायचं कशाला? किमया आठ दिवस जमिनीकडे बघत चालत होती. तिची भीती घालवायला मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आता ती परत मोकळी पडते, आणि निवडीला तीन आठवडे राहिलेत. या तीन आठवड्यांत मला तिच्या डोक्यात काही नको आहे, आणि माझ्याही.

म्हणून स्पष्ट लिहितो. आता पत्र पाठवू नका. आलं तर २५ तारखेपर्यंत मी ते उघडणार नाही.

कौस्तुभ


भोर
१२ मे २०२५
स्पीड पोस्ट

कौस्तुभ,

साप नाही. मी खोटं बोललो. देवाचंही अर्धंच सांगितलं.

गोलपोस्टच्या खाली विहीर आहे. शेखर म्हणतो तशी बुजवलेली नाही. मी ती वासे आणि पत्रे टाकून झाकली. पंचेचाळीस फूट खोल आहे आणि आत पाणी आहे. तुम्ही जे भोक बुजवलं ते उंदरांचं नाही. तुमचा मुरूम विहिरीत गेला.

पोरीला तिथं उभी करू नकोस. तूही जाऊ नकोस. इकडं रोज दुपारी वळीव पडतोय, तिकडंही पडत असेल. वासे कुजले असतील.

हे पत्र शेखरला दाखव, दादासाहेबांना दाखव, चावडीवर लाव. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

गेणबा


नांदे
२९ मे २०२५

गेणबा यांस,

तुमचं पाकीट १५ तारखेला आलं. मी ते फ्रिजवर ठेवलं. उघडणार नाही असं लिहिलं होतं आणि मी शब्दाचा पक्का आहे, याचा मला तेव्हा अभिमान वाटत होता.

२० तारखेला सकाळी पाऊस थांबला होता म्हणून मैदानावर गेलो. सदतिसावा चेंडू डावीकडे मारला. किमयानं झेप घेतली, चेंडू छातीशी धरला आणि उठायला हात टेकला. हात कोपरापर्यंत आत गेला. तिनं माझ्याकडे बघितलं, हसली, तिला वाटलं चिखल आहे. मग ती जिथं होती तिथली जमीनच खाली गेली.

गोलपोस्टही कलंडला. त्याचा आडवा पाइप विहिरीच्या कडांवर अडकला आणि किमयाच्या हातांना तो सापडला, म्हणून आज मी हे लिहू शकतो. ती लटकत होती. चेंडू आणि माती खाली पडल्याचा आवाज फार वेळानं आला. मी पोटावर सरपटत जाऊन तिची मनगटं धरली. शेखरदादा दोर घेऊन येईपर्यंत किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. ते म्हणत होते, पाच मिनिटं. या पूर्ण वेळात ती एकदाही ओरडली नाही. मी तिला ओरड म्हणत होतो.

ती वर आली, तिला शेजारच्या खोलीत झोपवलं, मग ताईनं फ्रिजवरचं पाकीट फोडलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं. शेखरदादा ऐकता ऐकता खाली बसले. "आण्णा माज्याशी बी खोटं बोललं," एवढंच म्हणाले.

मी पत्र उघडलं नाही, हा माझा गुन्हा आहे आणि तो मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही. पण तुम्हाला फेब्रुवारीत माहीत होतं. मार्चात माहीत होतं. एप्रिलमध्ये खरं सुचलं नाही तेव्हा साप सुचला, आणि त्या सापामुळे मी तुमचं खरं पत्र बंद ठेवलं. लांडगा आला रे आला हे तुम्हीही लहानपणी ऐकलं असेल. चोवीस वर्षं टपाल वाटलंत तुम्ही. पत्र किती दिवसांनी पोचतं हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, बोलता तर येतं.

२५ तारखेला ती म्हणाली, जायचं. आम्ही महाळुंग्याला गेलो. तिचा नंबर आला, ती गोलमध्ये गेली. आधी तिनं टाचेनं जमीन ठोकून बघितली, इथे, तिथे, खांबाजवळ. शिट्टी वाजली तरी ठोकत होती. मग दहा चेंडू आले. तिच्या अंगावर आलेले दोन तिनं धरले. बाकीचे आठ तिच्या बाजूनं गेले आणि ती ते जाताना बघत राहिली. एकदाही पडली नाही. तिथल्या प्रशिक्षकबाई चांगल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हिला पडायला कोणी शिकवलंच नाही का?"

तेव्हापासून ती पुन्हा बोलत नाही. पाच दिवसांत एकच वाक्य बोलली. रिक्षात म्हणाली, "मामा, त्या आजोबांना माहीत होतं का?" ताई तिच्या पलीकडे बसली होती. मी म्हणालो, नाही, त्यांनाही उशिरा कळलं. ताईनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

मी खोटं बोललो ते तुमच्यासाठी नाही. पायाखालची जमीन तर गेलीच आहे, निदान माणसांवर तरी तिला न घाबरता विसंबता यावं म्हणून. ती तुम्हाला पत्र लिहिणार आहे. आम्ही तीस तारखेला ही खोली सोडतोय, नवा पत्ता तिच्या पत्रात असेल. तिला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा.

कौस्तुभ


नांदे
९ जून २०२५

चि. किमयास,

तुझं पत्र भोरला गेलं, तिथून लेकीनं इकडं पाठवलं. मी आता नांद्याला आलो आहे. शेखर माझ्याशी बोलत नाही, पण ताट वाढतो.

तू लिहिलंस, "मामा म्हणाला तुम्हाला माहीत नव्हतं. मला फक्त नक्की विचारायचं होतं." तू विचारलंस, म्हणून नक्की सांगतो. मामा तुझ्या मायेनं खोटं बोलला. मला माहीत होतं. तू पहिल्या दिवशी त्या प्लॉटवर पाय ठेवलास तेव्हापासून माहीत होतं. तू अकरातले नऊ अडवलेस असं लिहिलंस, मी तुला गमतीचं उत्तर लिहिलं, तेव्हाही माहीत होतं.

मला दोन गोष्टींची भीती होती. पाण्याच्या शापाची आणि जमिनीचा व्यवहार मोडण्याची. तुझं काही होईल ही भीती तिसरी होती. ती पहिली यायला पाहिजे होती. ती पहिली आली तोवर मी इतकं खोटं लिहून बसलो होतो की माझं खरं कोणी उघडून बघितलं नाही. यात मामाची चूक धरू नकोस.

दादासाहेबांना सांगितलं, व्यवहार मोडला. विहीर काल बुजवली. पहिला दगड मी टाकला. सतरा ट्रॉल्या लागल्या. माती टाकताना मी आसरांची माफी मागितली नाही, कारण माफी त्यांची मागायची नव्हती.

मला माफ कर असं तुला लिहिणार नाही. तेरा वर्षांच्या पोरीवर ते ओझं कशाला?

तू जमीन टाचेनं ठोकून बघतेस असं मामानं लिहिलंय. ते सगळे तुला म्हणतील, असं करू नकोस, भीती सोड, जमीन पक्की आहे. ते तुझ्या भल्याचंच सांगतील. पण माझं विचारशील तर ठोकून बघ. कोणी आजोबा म्हणाला की इथं बिनधास्त खेळ, तर दोनदा ठोकून बघ. पक्की लागली तर मात्र पड.

गेणबा